हौसाक्कांची शाईखोली

हौसाक्कांवर माझा राग आहे आणि तो मी सोडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांचं कौतुक करायला लागलो की कुणाला वाटेल, शेठ मऊ पडला. मऊबिऊ काही पडलेलो नाही. ऐन दसऱ्याला, गिऱ्हाइकाच्या देखत, माझ्या कारखान्यात पेटवलेला दिवा त्यांनी चिमटीनं विझवला. ते मी विसरायचं कसं?

चाकणजवळ, निघोजे गावाच्या अंगाला माझी छपाईची शेड आहे. मसाल्याची, फरसाणाची पाकिटं आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या पिशव्या आम्ही छापतो. आमची शाई म्हणजे दौतीतली शाई नव्हे. ती पातळ करायला आणि झटक्यात वाळवायला जी रसायनं लागतात, ती पेट्रोलची चुलत भावंडं. कारखान्यात त्या सगळ्यांना मिळून एकच नाव, थिनर. हे थिनर आणि शाई जिथं कालवतात ती खोली वेगळी असते. माझ्या शेडमधल्या त्या खोलीवर हौसाक्कांचं राज्य होतं. मालक मी, वीजबिल माझ्या नावावर, पण त्या दारातून आत जाताना मीसुद्धा खिशातला मोबाइल काढून बाहेरच्या फळीवर ठेवायचो.

शेड उभी आहे ते वावर हौसाक्कांच्या सासरचं. नवरा लवकर गेला आणि दिरानं जमीन प्लॉट पाडून विकली. मशिनं बसत होती तेव्हा एक ठेंगणी बाई, सुती लुगड्यावर पुरुषाचा शर्ट चढवलेली, फाटकात येऊन उभी राहिली. "हितं आमचा कांदा व्हता," म्हणाली. मला वाटलं, जमिनीचं भांडण घेऊन आली. मी लगेच आवाज चढवला. कोर्टाची भाषा काढली, खरेदीखत काढलं. बाईनं माझा आवाज संपेपर्यंत शांतपणे वाट पाहिली आणि मग विचारलं, "झालं? काम हाय का काय?"

काम होतं. पगारावर मी घासाघीस सुरू केली, सवयच ती. त्या म्हणाल्या, "पगार तुमी म्हणाल त्यो. पन काम कसं करायचं ते मला इचारायचं." मी हसून बरं म्हणालो. आयुष्यात मी केलेला सगळ्यात महागडा सौदा तो.

शेडमध्ये त्यांना अजून वावरच दिसायचं. माझं ऑफिस म्हणजे खळं. ड्रम ठेवायची जागा म्हणजे बांध. "त्यो निळा ड्रम बांधाच्या कडंला लाव आन् झाकण घट्ट कर," असं नव्या पोरांना सांगायच्या, आणि पोरं सिमेंटच्या फरशीवर बांध शोधत फिरायची. आमचा मशिन ऑपरेटर दत्ता, नांदेडकडचा, त्यानंच मग एका भिंतीवर खडूनं लिहून टाकलं, बांध.

पहिली तीन-चार वर्षं त्या सिलिंडर, म्हणजे छपाईचे कोरीव रूळ, पुसायच्या कामावर होत्या. थिनरमध्ये चिंधी बुडवायची आणि शाई पुसून काढायची, दिवसभर. मग एकदा शाई विकणाऱ्या कंपनीचा माणूस प्रशिक्षणाला आला. जेवणानंतरची वेळ, निम्मे कामगार डुलक्या घेत होते, मी फोनवर होतो. हौसाक्का सगळ्यात मागं बसल्या होत्या. ड्रमवरच्या लेबलावर लाल चौकटीतली चित्रं असतात, ती तो माणूस दाखवत होता. यांनी मध्येच हात वर केला. "ह्यो मानूस कोन? छाती फुटलेला?"

"मावशी, त्याचा अर्थ शरीरावर हळूहळू परिणाम होतो. वर्षानुवर्षांनी."

"मंग त्यो रोजच्या ड्रमावर हाय की! कवापासनं?"

"पहिल्यापासून."

हौसाक्कांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक रसायनाच्या धोक्याच्या माहितीचे कागद मागितले. ते इंग्रजीत. त्यांची मुलगी शीतल ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होती. ती रविवारी घरी आली की कागद वाचायची, अर्थ सांगायची, आणि आक्का सातवीपर्यंतच्या अक्षरात खाकी कागदावर लिहून ड्रमवर चिकटवायच्या. भाषा त्यांची स्वतःची. "डोळ्यात गेलं तर पंध्रा मिन्टं पानी. चोळायचं न्हाई. रडलं तरी चालंल." "ह्याचा वास ग्वाड हाय. फसू नये." फॅक्टरी तपासायला आलेले एक साहेब ते वाचून हसता हसता गंभीर झाले आणि फोटो काढून घेऊन गेले. माझा फोटो नाही काढला.

शाईखोली मी त्यांच्या हवाली केली ती त्यानंतर. त्यांनी पहिलं काय केलं, तर दारात हाताच्या उंचीवर तांब्याची पट्टी ठोकून घेतली आणि वायरमनकडून ती जमिनीला जोडून घेतली. आत जाणाऱ्यानं आधी उघडा हात त्या पट्टीला लावायचा, म्हणजे अंगावर साचलेली वीज तिथंच उतरते. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच वीज. थिनरच्या वाफेला तेवढी ठिणगीसुद्धा फार होते. नायलॉनचे कपडे आत चालायचे नाहीत. शाईच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा रोज रिकामा. झाकण उघडं दिसलं की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. "दुधावर झाकण न्हाई ठिवलं तर मांजार पितंय. ह्याच्यावर न्हाई ठिवलं तर तू पितोस, नाकानं. तू मांजराहून येडा."

कामगारांना एक वाईट खोड असते. सुट्टीच्या वेळी हाताची शाई जावी म्हणून थिनरनं हात धुतात. चटकन निघते आणि हाताला गार लागतं. हौसाक्कांनी ते बंद केलं. नळाजवळ गोडेतेलाची बाटली आणि डाळीच्या पिठाचा डबा आला. आधी तेल चोळायचं, मग पीठ, मग साबण. दत्ता म्हणायचा, "आक्का, आता भजीच तळू की." त्यावर त्या म्हणाल्या, "तळ. पन त्या हातानं माज्या पुढ्यात थिनर घेतलास तर तुलाच तळीन. कातडं हाय ते भावा, पत्रा न्हाई."

पंख्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण त्यात माझी फजिती आहे आणि मी नाही सांगितली तर दत्ता सांगेल.

शाईखोलीची हवा बाहेर फेकणारा पंखा मी छताजवळ बसवला होता. तिथं आधीच भोक होतं, नवं पाडायला फॅब्रिकेटर जास्त मागत होता. आक्का म्हणाल्या, पंखा जमिनीलगत पाहिजे. मी म्हणालो, वास वर जातो, एवढं मला कळतं. त्यांनी खोलीत एक पाट आणून टाकला, जेवायला टाकतात तसा. "बसा भाऊ."

"कशाला?"

"बसा म्हंते न्हवं. मालक हाय तुमी, चार मिन्टं बसायला काय झालं?"

मी बसलो. उभं असताना जो वास नुसता जाणवत होता, तो खाली बसल्यावर तोंडावर ओली गोधडी टाकावी तसा आला. डोळे पाणावले, डोकं गरगरलं. दोन मिनिटांत उठलो. दारात दत्ता आणि आणखी दोघे गंभीर चेहरे करून उभे होते. आक्का म्हणाल्या, "ह्यो वास पान्यावानी हाय. खाली बसतो. तुमी उभ्यानं येता, उभ्यानं जाता. सिलिंडर पुसनारी बाई बसून काम करती." त्या आठवड्यात खाली भोक पाडलं. फॅब्रिकेटरनं मागितले तेवढे दिले, आणि त्याचाही मला राग आहे.

देवभोळ्या मात्र भारी. लहानपणापासून नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायच्या. आमच्याकडं बरेच कामगार तसं करतात. शाईखोलीत अनवाणी म्हणजे पायावर थिनर सांडलं की संपलं. एका वर्षी पाच जण चपला सोडून आले. मी ओरडायला तोंड उघडलं, तर आक्कांनी मला हातानं गप्प केलं. स्वतः फाटकापर्यंत अनवाणी आल्या होत्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी कंपनीचे बूट काढले, देवीच्या तसबिरीपुढं ठेवले, हळदकुंकू लावलं आणि पायात घातले. "तिला इचारलं म्या. ती म्हनली, माज्यासाठी चाल, पर माज्यासाठी जळू नगं." पाचही जणांनी मुकाट्यानं बूट घातले. सुट्टी झाल्यावर आक्का बूट काढून कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीतून रस्त्याच्या कडेनं अनवाणी घरी गेल्या.

आता दसरा.

त्या वर्षी एका मोठ्या मसालेवाल्यांची वर्षभराची ऑर्डर येऊ घातली होती. तीन महिने मी त्यांच्या खरेदीच्या साहेबांच्या मागं होतो. भाव ठरला, माल पसंत पडला, राहिलं होतं ते फक्त हो म्हणणं. साहेब भाविक. मी म्हणालो, दसऱ्याला या, तुमच्या हातानं मशिनची आरती करू आणि तुमचंच पाकीट मुहूर्ताला छापू. ते तयार झाले. ती ऑर्डर आली असती तर मी दुसरं मशिन घेणार होतो. शेडमधल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, आक्कांनासुद्धा.

खंडेनवमीच्या आधी मशिनं धुऊन रंगवायची आमच्याकडं पद्धत आहे. दरवर्षी आक्का समोर उभं राहून कुठं रंग लावायचा आणि कुठं नाही ते सांगायच्या. त्या वर्षी गावच्या देवीच्या उत्सवासाठी दोन दिवस त्या सुट्टीवर होत्या. मी रंगाऱ्याला सांगितलं, सगळं चकाचक कर, साहेब येणार आहेत. त्यानं फवाऱ्यानं सगळं हिरवं करून टाकलं. खांब, मशिनच्या चौकटी, ड्रमचे स्टँड. दारातली तांब्याची पट्टी. आणि चिमटे. ड्रममधून थिनर काढताना वीज जमिनीत उतरावी म्हणून वायरचा चिमटा ड्रमला लावतात. त्याला उघडं लोखंड लागतं. मध्ये रंग आला की चिमटा लावला काय आणि न लावला काय, सारखंच. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी डोक्यात नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी साहेब आले. झेंडूची तोरणं, नवे कपडे, पेढे. दत्तानं मशिनच्या ट्रेमध्ये शाई भरून ठेवली होती. मी आरतीचं ताट पेटवून साहेबांच्या शेजारी उभा होतो, आणि आक्का आल्या. शाईखोलीच्या दारात पट्टीला लावायला हात वर केला आणि तसाच थांबवला.

"पट्टी कुनी रंगवली?"

"मी. सगळंच रंगवलंय. छान दिसतंय की नाही?"

"दिसतंय. चिमटं बी रंगवलं?"

दत्तानं मान खाली घातली. "फवारा मारला आक्का त्यानं. सगळ्यावरच बसला."

"आन् ट्रे भरलाय व्हय रं तू? आन् भाऊ जाळ घिऊन निगाल्यात?" त्या माझ्यापुढं आल्या. "भाऊ, मागं सरा. आरती खळ्यात करू. दरसालाला तितंच असती."

साहेब बघत होते. मी दात आवळून हळूच म्हणालो, "आक्का, बाजूला व्हा. मुहूर्त टळतोय."

"सरा म्हंते न्हवं!"

"मालक कोण आहे इथं?" माझा आवाज चढला. मी ताट घेऊन एक पाऊल पुढं टाकलं. त्यांचा हात आला, ताटातल्या ज्योतीवर दोन बोटं मिटली आणि दिवा विझला. फुंकर नाही, पदर नाही. सरळ चिमटीत धरून. हात पोळला असणार, पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मला तो माज वाटला.

सणाच्या दिवशी दिवा विझवणं म्हणजे काय ते तिथल्या सगळ्यांना कळत होतं. साहेबांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला, कुणाला ते त्यांनाच ठाऊक.

"निघा," मी ओरडलो. "आत्ताच्या आत्ता निघा माझ्या शेडमधून! पुन्हा पाय ठेवायचा नाही!"

"निगते," आक्का म्हणाल्या. "येवडं खरवडून निगते."

त्यांनी सँडपेपर घेतला आणि पट्टीपाशी बसल्या. दत्ताला ट्रेमधली शाई परत ड्रममध्ये भरायला लावली. साहेबांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, "कळवतो" म्हणाले आणि गेले. कळवलं नाही. पाकिटं दुसरीकडं छापून घेतली. आक्का दुपारपर्यंत एकेक चिमटा खरवडत बसल्या. मग किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "दत्ताला समदं ठावं हाय. किल्ली त्याच्यापाशी द्या," एवढं बोलून गेल्या.

त्या दिवशी तसंच मशिन चालवलं असतं तर काय झालं असतं, हे मला कुणी सिद्ध करून दाखवू शकत नाही. काहीच झालं नसतं, असं मी पंधरा दिवस सगळ्यांना सांगत होतो. मग दत्तानं गोडाऊनमधला एक जादा चिमटा आणला. तोही रंगलेला, खरवडायचा राहिलेला. वायरमनला बोलावून माझ्यासमोर त्याला मीटर लावायला सांगितलं. मीटर गप्प. खरवडलेल्या चिमट्याला लावला, लगेच आवाज आला. दत्ता काही म्हणाला नाही. नाही म्हणाला हे बरं केलं, नाहीतर त्यालाही काढला असता.

दिवाळी झाल्यावर मी निघोज्यात त्यांच्या घरी गेलो. दिराचा दुमजली बंगला पुढं आणि मागं यांच्या दोन खोल्या. आक्का अंगणात बसून कांदा निवडत होत्या, चाकणच्या बाजारात पाठवायचा. मी सौदा करायला गेलो होतो. माफी मागायला नाही. खुर्चीवर बसलो आणि सुरुवात केली. पगार वाढवतो. हाताखाली दोन माणसं देतो. मशिनच्या रंगकामाला तुमच्या परवानगीशिवाय कुणी हात लावणार नाही. त्या ऐकत होत्या, मी वाढवत होतो. समोरचा गप्प राहिला की मी वाढवत जातो, ही माझी जुनी खोट.

शीतलनं चहा आणला. आक्कांनी कप दोन्ही तळव्यांत धरला आणि धरला गेला की नाही हे डोळ्यांनी पाहून मगच उचलला. मी ते बघत होतो हे शीतलच्या लक्षात आलं.

"काका, आईच्या बोटांना कळत नाही," ती म्हणाली. "गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, थिनरचं काम बंद करा. सुरुवातीची वर्षं सारखे हात त्यातच होते ना, त्यानंच असू शकतं म्हणाले. ती दसऱ्यानंतर सोडणारच होती. तुम्हाला सांगणार होती."

आक्कांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर नव्या कातडीचे दोन गुलाबी ठिपके होते.

"फोड आल्याला बी ठावं न्हवतं," त्या म्हणाल्या. "सांजच्याला भाकरी थापताना हिनं बघितलं."

सुरुवातीच्या वर्षांत मी हातमोजे आणले होते. बाजारात सगळ्यात स्वस्त होते ते, भाव करकरून आणलेले. थिनर लागलं की फुगायचे आणि तासाभरात फाटायचे. मी म्हणालो, "आक्का, ते मोजे..."

"तुमी आनलं व्हतं की मोजं," त्या लगेच म्हणाल्या, शीतलकडं बघून. "मलाच सवं न्हवती. मीच काढून टाकायची."

मोजे कसले होते ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पोरीपुढं त्यांनी मला झाकलं. दिव्याचा राग होताच, त्यात दुसऱ्या रागाची भर पडली. दोन वर्षं माझ्याच शेडमध्ये वावरल्या आणि बोटांचं मला एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ओरडलो असतो, आणि मग डॉक्टरकडं नेलं असतं. आधी ओरडलो असतो हे मात्र खरं. दत्ताला त्यांनी वर्षभर का शिकवत आणलं होतं, तेही तेव्हा कळलं.

चहा संपला. मला निघायचं होतं, पण गाडी बोळात तोंड आत करून लावलेली आणि मागं चाकणचा रस्ता. कंपन्यांच्या शिफ्ट सुटायची वेळ, बसगाड्या आणि कंटेनर एकाला एक लागून चाललेले. उलटी गाडी रस्त्यावर काढायला जागाच मिळेना. मी हॉर्न मारत होतो, शिव्या देत होतो.

आक्का कांद्यावरून उठल्या. लुगड्याचा ओचा झटकला, सरळ रस्त्याच्या मध्ये गेल्या आणि एका भल्या मोठ्या कंटेनरसमोर हात आडवा करून उभ्या राहिल्या. ब्रेक कचकचले. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "ओ मावशी, मरायचंय का?"

"तू थांबलास ना? मंग कशी मरंन? बंद कर त्यो भोंगा."

पाठीमागं पार ओढ्यावरच्या मोहरीपर्यंत रांग थांबली. मी गाडी मागं घेतली, रस्त्यावर सरळ केली आणि त्यांच्याजवळ येऊन काच खाली घेतली. हात आडवाच होता, त्यांच्या छातीपर्यंत कंटेनरचा बंपर येत होता.

"आक्का," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलंच. आता जावा बिगीबिगी, हा गरीब कवाचा खोळंबलाय."